लिथुआनियाची हस्तकला: काडी, सूत, ओक आणि त्यामागची माणसं

कोरांटी

डिसेंबर २०२३ मध्ये युनेस्कोने लिथुआनियाच्या ‘सोदाइ’ना अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. सोदाइ म्हणजे राय या धान्याच्या काड्यांची, छताला टांगायची झुंबरं. लाकडी क्रूस कोरण्याची परंपरा, एस्टोनिया आणि लाटवियासोबतचे गीत-नृत्य महोत्सव आणि ‘सुतार्तिनेस’ ही बायकांची गाणी त्या यादीत आधीच होती. देशाची लोकसंख्या पुणे शहरापेक्षाही कमी. झार, नाझी आणि सोव्हिएत अशा तिन्ही सत्ता सोसलेल्या या लोकांकडे इतकं शिल्लक कसं राहिलं, हा प्रश्न राजधानी विल्न्युसला नोकरीसाठी आल्यापासून माझ्या मनात आहे. त्यावर इथे सविस्तर बोलावं म्हणून हा धागा.

माझं मत आधीच सांगते. यादी, प्रमाणपत्र, अनुदान हे सगळं नंतरचं. ज्या कलेचा कच्चा माल हाताशी राहिला आणि ज्या वस्तूची घरच्या कार्याला गरज राहिली, ती कला टिकली. यातलं एक जरी तुटलं, तरी ती कला आजारी पडते.

सोदासचंच बघा. (एक असेल तर सोदास, अनेक असतील तर सोदाइ.) पूर्वी लग्नात वधूवर बसायचे त्या मेजावर, बारशाला पाळण्यावर आणि नाताळात जेवणाच्या मेजावर तो टांगत. करायची रीत वरवर सोपी वाटते. राय हाताने, विळ्याने कापायची. यंत्राने कापली की काडी चिरडते. काडी सावलीत वाळवून पेरं काढून टाकायची, म्हणजे दोन पेरांमधली नळी तेवढी उरते. मग जाडीप्रमाणे निवड, कारण जाड आणि बारीक काड्या एकत्र आल्या की आकार एका अंगाला कलतो. कापण्याआधी काडी पाण्यात भिजवायची, नाहीतर उभी चिरते. सारख्या लांबीच्या बारा नळ्या सुईदोऱ्याने ओवल्या की आठ त्रिकोणी बाजूंचा एक घन उभा राहतो. आपल्या आकाशकंदिलाचा सांगाडा डोळ्यांसमोर आणा. असे लहानमोठे घन एकमेकांना टांगत जायचे, टोकांना अंड्याच्या टरफलाचे पक्षी लावायचे. सगळा डोलारा एकाच दोऱ्यावर लटकतो. खोलीत कुणी दार उघडलं तरी तो सावकाश फिरू लागतो.

ज्या आजींकडे मी हे शिकते आहे, त्या यासाठी परसात स्वतः राय पेरतात. हल्लीचे वाण बुटके असतात, वाऱ्याने आडवे पडू नयेत म्हणून तसेच तयार केलेले. शेतकऱ्याच्या दृष्टीने ते योग्यच. पण बुटक्या वाणाची पेरं जवळजवळ असतात, त्यामुळे लांब नळी मिळत नाही. म्हणून जुन्या उंच वाणाचं बी आजी दरवर्षी राखून ठेवतात. या कलेचं जतन कुठून सुरू होतं, ते मला त्या डब्यातल्या बियांवरून कळलं.

दुसरं उदाहरण ‘युओस्ता’चं, म्हणजे विणलेल्या अरुंद पट्ट्यांचं. पांढऱ्या सुतावर लोकरीच्या रंगीत धाग्यांनी नक्षी उचलत जायचं. जुन्या लग्नात नवरी स्वतः विणलेले पट्टे सासरच्या माणसांना वाटायची आणि नव्या घरी गेल्यावर फाटकाला, विहिरीला, झाडांनाही बांधायची. एवढे पट्टे लागायचे म्हणून मुली लहानपणापासून विणायला बसत. आज कुणी तेवढे विणत नाही, पण लग्नात, पदवीदानात, सत्काराच्या वेळी माणसाच्या खांद्यावर पट्टा येतोच. मागणी घरातून येते, म्हणून विणणारे हातही आहेत.

आणि आता क्रूस. इथले क्रूस म्हणजे नुसते दोन आडवे-उभे दांडे नव्हेत. ओकचा उंच खांब, त्यावर छोटं छप्पर, छपराखाली मूर्ती, आडव्या दांड्यांच्या मिलनाभोवती सूर्याचे किरण. विंत्सास स्विर्स्किस (१८३५ ते १९१६) हा या कामातला सगळ्यात मोठा कारागीर. गावोगाव फिरायचा, ज्याच्या घरी काम त्याच्याकडेच मुक्काम. मूर्तीसकट अख्खा क्रूस एकाच खोडातून काढायचा. १८६३च्या उठावानंतर झारच्या सरकारने रस्त्याकडेला क्रूस उभारायला बंदी घातली होती. स्विर्स्किसच्या उमेदीची वर्षं त्या बंदीतच गेली आणि तरीही त्याला काम कमी पडलं नाही.

सोव्हिएत काळाबद्दल खाली प्रतिसादांत लिहीन. तुमच्यापैकी कुणी इकडे राहिलं असेल, फिरलं असेल, तर जरूर लिहा.

---

घाटमाथा

वाचनखूण साठवली. ते ‘क्रूसांची टेकडी’ म्हणतात ते हेच का? फोटो पाहिलेत, पण त्यामागची गोष्ट माहीत नाही.

---

कोरांटी

हो घाटमाथा, तेच. श्यौल्याइ शहराच्या उत्तरेला, सुमारे १२ किलोमीटरवर. १८३१ आणि १८६३च्या उठावांत मेलेल्यांच्या नावाने तिथे क्रूस उभे राहायला लागले असं सांगतात. ज्यांची प्रेतंही घरी आली नाहीत, त्यांच्यासाठी. पुढे सायबेरियात पाठवलेल्यांसाठीही लोकांनी तिथेच क्रूस लावले. १९६१ मध्ये सोव्हिएत सरकारने बुलडोझर आणून टेकडी साफ केली. लाकडी क्रूस जाळले, लोखंडी भंगारात घातले, दगडी फोडले. लोक रात्री येऊन पुन्हा लावून जायचे. १९७३ आणि १९७५ मध्ये पुन्हा तेच झालं. ७ सप्टेंबर १९९३ रोजी पोप जॉन पॉल दुसरे तिथे आले तेव्हा टेकडी पुन्हा भरलेली होती.

यातली मला जास्त महत्त्वाची वाटणारी बाजू कारागिरांची आहे. क्रूस कोरायला मनाई, मग हात काय करणार? त्यांनी विषय बदलला. १९७५ मध्ये चित्रकार-संगीतकार चुर्लियोनिसच्या जन्मशताब्दीला वारेना ते द्रुस्किनिन्काइ या रस्त्यावर ओकचे कोरीव खांब उभारले गेले. चार वर्षांनी युओद्क्रान्तेच्या जंगलातल्या टेकडीवर लोककथांमधल्या चेटकिणी, राक्षस, मासेमार कोरायला सुरुवात झाली. सरकारला ही लोककला चालत होती. ओक तोच, पटाशी तीच, छपराची घडणही तीच. म्हणून १९९० मध्ये स्वातंत्र्य जाहीर झालं तेव्हा क्रूस कोरू शकणारे लोक हयात होते. मधली तीस वर्षं हात रिकामे राहिले असते, तर आज फक्त नमुने उरले असते, तेही संग्रहालयात.

---

वऱ्हाडी_मानूस

कोरांटीताई, लेख मनापासून आवडला. तुम्ही ‘सूत’ म्हणता ते लिनन ना? लिनन जवसापासून निघतं असं ऐकून आहे. आमच्याकडे भंडारा-गोंदियात उभ्या धानातच जवस फेकतात, धान कापलं की उरलेल्या ओलीवर ते वाढतं. पण आम्हाला माहीत ते तेल आणि चटणी. धांड्याचं पुढे कुणी काही करत नाही. झाड एकच की वेगळं?

---

कोरांटी

झाड एकच, वाण वेगळे. तेलाचं जवस बुटकं आणि फांद्या फुटणारं. धाग्याचं जवस दाट पेरतात, म्हणजे ते फांद्या न फुटता सरळ उंच जातं. ते कापत नाहीत, मुळासकट उपटतात, कारण धागा खोडाच्या पार टोकापर्यंत असतो. मग पाण्यात किंवा शेतातच दवावर सडवायचं, जसं आपल्याकडे अंबाडी सडवतात. त्यानंतर वाळवायचं, आतला लाकडी गाभा ठेचून मोडायचा, झोडपून भुसा काढायचा आणि खिळ्यांच्या फणीतून विंचरायचं. शेवटी हातात जे येतं, ते सोनेरी केसांच्या बटेसारखं दिसतं.

आता दुःखाची गोष्ट. पहिल्या आणि दुसऱ्या महायुद्धांच्या मधल्या काळात जवस ही या देशाची मोठी निर्यात होती. आज धाग्याच्या जवसाची लागवड इथे जवळपास संपली आहे. लिननच्या गिरण्या चालू आहेत, कापड उत्तम आहे, पण धाग्याचा माल बाहेरून येतो, मुख्यतः फ्रान्स-बेल्जियमकडून. दुकानात ‘लिथुआनियन लिनन’ म्हणून टेबलक्लॉथ घेताना मला हे खटकतं. विणकर इथला, नक्षी इथली आणि शेत परक्याचं. विणकामाचे वर्ग भरतात, पण उपटण्यापासून विंचरण्यापर्यंतचं काम ज्यांनी केलंय ती माणसं ऐंशीच्या पुढची आहेत. त्यांच्याबरोबर ते ज्ञान जाईल, ही भीती मला खरोखर वाटते.

---

स्वरलिपी

सुतार्तिनेसवर मला लिहायचंच होतं, धागा काढल्याबद्दल आभार. मी गाते, आणि हे गाणं पहिल्यांदा ऐकलं तेव्हा काही क्षण गोंधळून गेले. दोन आवाज एकमेकांपासून एका स्वराच्या अंतरावर, म्हणजे एकीचा सा चालू असताना दुसरीचा रे, आणि दोघी तशाच ठाम उभ्या. आपल्याकडे हा संघर्ष एका क्षणापुरता येतो आणि विरतो. इथे तोच गाण्याचा पाया आहे. दोन आवाज असे घासले की हवेत एक थरथर निर्माण होते. गाणाऱ्या बायका ती थरथर जमली की गाणं जमलं असं मानतात.

ही गाणी ईशान्येकडच्या आउक्श्ताइतिया भागातली, मुख्यतः बायकांची. दोघी, तिघी किंवा चौघी गातात. तिघींच्या प्रकारात प्रवेश एकीमागून एक होतो, तरी एका वेळी दोनच ओळी ऐकू येतात, कारण तिसरी तेवढ्यात श्वास घेऊन थांबलेली असते. विसाव्या शतकाच्या मध्याला ही परंपरा गावांतून जवळजवळ नाहीशी झाली होती. चर्चमधल्या आणि शाळेतल्या चार आवाजी समूहगानाची सवय लागलेल्या कानांना ती बेसूर वाटायला लागली होती. तरी झेनोनास स्लाविउनासने जमवलेली गाणी १९५८-५९ मध्ये तीन खंडांत छापली गेली. पुढे शहरातल्या मुलींनी त्या स्वरलेखनावरून आणि तीसच्या दशकातल्या ध्वनिमुद्रणांवरून ती पुन्हा गायला घेतली. दाइवा राचिउनाइते-विचिनिएने या संगीत-अभ्यासक आहेत आणि त्यांचा ‘त्रिस केतुरिओसे’ हा गट ऐंशीच्या दशकापासून गातो आहे.

कोरांटी, तुमच्या म्हणण्याला माझा इथे थोडा विरोध आहे. या गाण्यांचा प्रसंग, म्हणजे शेतातली कापणी, जवस उपटणं, लग्नाच्या जुन्या रीती, हे सगळं गेलं होतं. तरी गाणं परत आलं. म्हणजे प्रसंग मेल्यावरही, कुणी वेळेवर नीट टिपून ठेवलं असेल, तर वाट उरते.

---

कोरांटी

स्वरलिपी, मान्य. गाण्याला कच्चा माल म्हणजे गळा, आणि तो कुठेही मिळतो, हा फरक धरला तरी तुमचा मुद्दा माझ्या म्हणण्याला पुरेसा छेद देणारा आहे. टिपून ठेवणाऱ्यांचं श्रेय मी कमी लेखलं.

---

रोखठोक

चर्चा चांगली आहे, पण पैशाचं कुणीच बोलत नाही. बारा काड्यांचा एक घन करायला लागणारा वेळ आणि त्याचे मिळणारे पैसे, हा हिशोब बसतो का? पोट भरत नसेल तर कुठलीच कला पुढच्या पिढीत जात नाही. दुसरं, जत्रेत यंत्रावरचा माल ‘हाताने केलेला’ म्हणून खपवतात. तिकडे याला काही आळा आहे?

---

कोरांटी

रोखठोक, कायदा आहे. २००७ मध्ये इथे ‘राष्ट्रीय वारसा उत्पादनां’चा कायदा झाला. कारागीर आपली वस्तू तज्ज्ञांच्या समितीपुढे ठेवतो. समिती साहित्य, हत्यारं, पद्धत आणि घाट तपासते आणि मग प्रमाणपत्र आणि चिन्ह देते. यात मडकी, विणकाम, कोरीवकाम आहेच, शिवाय रायचा काळा पाव, चीज, मध यांसारखे पदार्थही येतात. वारशात स्वयंपाकघर धरलं, हे मला फार आवडतं. गावोगाव पारंपरिक हस्तकलांची केंद्रंही आहेत, तिथे भट्टी, माग, सुतारकामाची जागा असते आणि शाळेची मुलं शिकायला येतात.

पोटाचं म्हणाल तर खरं उत्तर असं की निव्वळ सोदाइवर घर चालवणारे थोडे. बहुतेकांचं दुसरं काही काम असतं, किंवा पेन्शन असते. उत्पन्नाचा मोठा भाग शिकवण्यातून येतो, विक्रीतून कमी. कुंभारांची आणि विणकरांची स्थिती बरी आहे, कारण त्यांचा माल रोजच्या वापराचा आहे. दक्षिणेकडच्या दझुकिया भागातली काळी मडकी बघा. भट्टीत राळ असलेलं चिकट लाकूड घालतात आणि शेवटी भट्टी बंद करतात. हवा न मिळाल्याने धूर कोंडतो आणि माती आतपर्यंत काळी होते. वर रंग किंवा चकाकी काही लावत नाहीत. अशी भांडी लोक रोज ताटाशेजारी ठेवतात, म्हणून ती खपतात.

---

दगडफूल

मला एक विचारायचंय, आणि ते या धाग्यावर यायलाच हवं असं वाटतं. ‘लिथुआनियन वारसा’ म्हणताना आपण कोणाचा वारसा धरतो? दुसऱ्या महायुद्धापूर्वी विल्न्युस हे युरोपातल्या ज्यू विद्येचं मोठं केंद्र होतं. नाझींच्या काळात तिथले बहुसंख्य ज्यू मारले गेले, त्यात स्थानिक लोकांचाही हात होता. त्यांचे सोनार, शिंपी, मुद्रक, लाकडी सिनेगॉग (ज्यूंची प्रार्थनास्थळं) रंगवणारे, यांची कारागिरी कोण जतन करणार? मागे माणसंच उरली नाहीत.

---

कोरांटी

दगडफूल, तुम्ही विचारलंत ते बरं झालं. या धाग्यातला हा सगळ्यात अवघड प्रश्न आहे आणि मी मांडलेली कच्चा माल-प्रसंग ही चौकट इथे अपुरी पडते. इमारती उरल्या आहेत, त्याही थोड्याच. पाक्रुओयिसचा लाकडी सिनेगॉग १८०१चा. सोव्हिएत काळात तिथे सिनेमागृह होतं, नंतर आग लागली. २०१७ मध्ये त्याची दुरुस्ती पुरी झाली. जुन्या फोटोंवरून आतली चित्रं पुन्हा रंगवली आहेत. काम नेटकं आहे, पण तिथे प्रार्थनेला जमणारा समाज नाही.

कागदांचं थोडं वेगळं झालं. घेट्टोतल्या, म्हणजे ज्यूंना कोंडून ठेवलेल्या वस्तीतल्या, ज्यू लेखक-विद्वानांना नाझींनी ज्यू ग्रंथ वेगळे काढायच्या कामाला जुंपलं होतं. त्यांनी जिवावर उदार होऊन कपड्यांत लपवून पुस्तकं आणि हस्तलिखितं बाहेर काढली. युद्धानंतर सोव्हिएत काळात अंतानास उल्पिस या ग्रंथपालाने, स्वतः ज्यू नसताना, ज्यू कागदपत्रांचे ढीग एका जुन्या चर्चमध्ये लपवून सांभाळले.

आणि विल्न्युसच्या सुप्रसिद्ध ‘वेर्बा’, म्हणजे झावळ्यांच्या रविवारासाठी (ईस्टरच्या आधीचा रविवार) वाळलेल्या फुलांच्या काठ्या, त्या बनवणाऱ्या आसपासच्या गावांतल्या बऱ्याच बायका घरी पोलिश बोलतात. त्राकाइमध्ये तुर्की वळणाची भाषा असलेला कराइम समाज आहे, संख्येने अगदी छोटा, पण त्यांचे मटण भरलेले ‘किबिनाइ’ अख्खा देश खातो. ‘लिथुआनियन’ हा शब्द या सगळ्यांना धरून वापरावा, असं मला वाटतं.

---

मिशिगनकाठ

शिकागोहून. इथे दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीतल्या निर्वासित छावण्यांमधून खूप लिथुआनियन लोक आले. बाल्झेकास संग्रहालय १९६६ पासून आहे, आणि माझ्या ऑफिसातल्या एका सहकाऱ्याची मुलं अजून शनिवारच्या लिथुआनियन शाळेत जातात. ती तिसरी-चौथी पिढी. नाताळच्या झाडाला त्यांच्याकडे काड्यांचे तारे आणि छोटे सोदाइ असतात, एरवीचे चमकते गोळे नाहीत. सोव्हिएत काळात तिकडे नाताळ उघडपणे साजरा करणं अवघड होतं, तेव्हा इकडे ही कला झाडावर वाढली. कोरांटी म्हणते तसं, प्रसंग बदलला, पण उरला होता.

मराठी शाळेत शिकवणारी म्हणून एक निरीक्षण. त्यांच्या शाळेत भाषेच्या तासाइतकाच पट्टे विणण्याचा आणि नाचाचा तास महत्त्वाचा असतो. ज्या मुलांना व्याकरण जड जातं, ती हातातल्या कामामुळे टिकून राहतात. आम्ही यंदापासून आमच्या वर्गात असं काही सुरू करायचं ठरवतोय.

---

पेठकर

एक भर घालतो. अंतानास पोश्का हा लिथुआनियन प्रवासी १९२९ मध्ये मोटरसायकलवरून निघाला आणि १९३१ मध्ये मुंबईला पोचला. मुंबई विद्यापीठात त्याने शिक्षण घेतलं, संस्कृतचा अभ्यास केला, नंतर कलकत्त्याला गेला. मायदेशी परतल्यावर १९४५ मध्ये सोव्हिएतांनी त्याला अटक करून छावणीत पाठवलं. म्हणजे आपल्या मुंबईचं या देशाशी नातं बरंच जुनं आहे. त्याच्या मुंबईतल्या दिवसांवर मराठीत कुणी लिहायला हवं.

---

कौनासची_वैद्य

कोरांटीताई, मी कौनासला एमबीबीएस करते, इथे बरेच भारतीय आहेत. सगळ्यांना सांगेन, रुम्शिश्केसचं खुलं संग्रहालय चुकवू नका. कौनासपासून जवळ आहे. १९७४ पासून लोकांसाठी खुलं आहे. देशाच्या वेगवेगळ्या भागांतून खरी जुनी घरं, कोठारं, गिरण्या उचलून तिथे आणून उभी केली आहेत. लेंटच्या (ईस्टरपूर्वीच्या उपवासाच्या काळाच्या) आधी तिथे ‘उझ्गावेनेस’ असतो. लाकडी मुखवटे घालून लोक थंडी पळवतात, शेवटी ‘मोरे’ नावाची बाहुली जाळतात. मुखवटे कोरणाऱ्यांना वर्षभराचं काम या एका दिवसामुळे मिळतं.

तिथेच एका बाजूला सायबेरियात धाडलेल्यांची मातीची झोपडी आणि गुरांच्या वाघिणीचा डबा ठेवला आहे. मी तिथे बराच वेळ उभी होते. सुंदर नक्षीची घरं बघून झाल्यावर ते बघितलं, की त्या घरांतली माणसं कुठे नेली गेली ते कळतं.

---

घाटमाथा

मार्चमध्ये यायचा विचार आहे. काझ्युकास जत्रेला आलो तर खरी वेर्बा कशी ओळखायची?

---

कोरांटी

नक्की या. संत काझिमिरचा दिवस ४ मार्च, जत्रा त्याच्या जवळच्या शनिवार-रविवारी विल्न्युसच्या जुन्या शहरात भरते, सतराव्या शतकापासून. गर्दी फार असते, सकाळी लवकर निघा.

वेर्बा हातात घेऊन जवळून बघा. रानटी गवताची तुरी, अमरफूल, यारो अशी वनस्पती ओळखू येते का ते पाहा. या बायका उन्हाळाभर गोळा करतात आणि माळ्यावर उलटं टांगून वाळवतात. फुलं एका हेझेलच्या काठीभोवती दोऱ्याने घट्ट गुंडाळलेली असतात, वळणागणिक रंगाची पट्टी बदलते. भडक गुलाबी-निळा सगळीकडे दिसला, तर तो बहुधा बाजारी रंग. रंग थोडा वापरतात, पण फुलाचा आपला रंगही दिसला पाहिजे. आणि विकणारीला विचारा की फुलं कुठून आणली. ज्यांनी स्वतः वेचली आहेत त्या गावाचं, कुरणाचं नाव लगेच सांगतात आणि मग दहा मिनिटं बोलतात. भाषा आली नाही तरी थांबून ऐका.

आणि स्वरलिपी, तुम्ही येणार असाल तर मला व्यक्तिगत निरोप करा. आजींच्या गावात उन्हाळ्यात राय कापायला आम्ही काही जण जातो, माणसं लागतातच.